सहा जण आणि दहा हजार कमानी

क्योतो स्टेशनवरून फुशिमी इनारीच्या देवळाला जायला पाच मिनिटं लागतात. नारा लाइनची गाडी पकडायची, तोफुकुजी सोडायचं, दुसरं स्टेशन इनारी. बाहेर पडलं की समोर देवळाची भलीमोठी शेंदरी तोरी, म्हणजे कमान. प्रवेश फुकट, डोंगर चोवीस तास उघडा, पाटी मोठी, रस्ता एकच. चुकायला जागाच ठेवलेली नाही. आणि तरीही सहा मित्र मिळून निघाले की या पाच मिनिटांचा दीड तास होतो, कारण याच मार्गावर ‘मियाकोजी’ नावाची एक जलद गाडीही धावते आणि ती इनारीला थांबत नाही. प्रत्येक टोळक्यात एक जण असा असतोच, की ज्याच्यासमोर जलद आणि धिमी अशा दोन गाड्या उभ्या केल्या तर तो विचार न करता जलद गाडीत घुसतो. मुंबईत वाढलेला असेल तर गाडी थांबायच्या आत. त्याच्या आत्मविश्वासामागोमाग आणखी दोघे चढतात. शेंदरी खांबांचं इनारी स्टेशन खिडकीतून झर्रकन मागे जातं आणि तिघे थेट रोकुजिझोला उतरतात. मग फोन. “कुठे आहात?” “पुढे आलोय.” “पुढे म्हणजे कुठे?” “तुमच्या पुढे.” टोकियोच्या निशी-कासाईत राहणारी मराठी मंडळी शिनकान्सेनने सव्वादोन तासांत पाचशे किलोमीटर येतात, एक मिनिट इकडे-तिकडे होत नाही, आणि शेवटच्या तीन किलोमीटरांत हरवतात.

याला लोक घोटाळा म्हणतात. पण तोच घोटाळा दर सहलीला होत असेल, तर त्याला घोटाळा न म्हणता पद्धत म्हणायला हवं. माझं म्हणणं एवढंच आहे, की देवळाला एकटा जातो तो देव पाहायला जातो आणि मित्र मिळून जातात ते एकमेकांची वाट पाहायला जातात. दर्शन हे त्या वाट पाहण्यातल्या फटीत उरकून घ्यायचं काम असतं. हा सिद्धान्त खुर्चीत बसून मांडलेला आहे, हे आधीच कबूल करतो. पण खुर्चीत दम लागत नाही, त्यामुळे विचार शेवटापर्यंत नेता येतो. डोंगरावर तो दुसऱ्या वळणालाच पाणी मागतो. आता हिशेब बघा. शिंतो देवळात दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, मनातलं मागणं मागायचं आणि पुन्हा एकदा वाकायचं. मागण्यांची यादी कितीही लांब असली तरी मागे उभ्या असलेल्या रांगेची लाज वाटून माणूस मिनिटाभरात बाजूला होतो. सकाळी सातला घर सोडून रात्री दहाला परतायचं, म्हणजे पंधरा तास, म्हणजे नऊशे मिनिटं. त्यातलं एक देवाचं. उरलेली आठशे नव्व्याण्णव ‘तो कुठे राहिला’ या प्रश्नाची. बरं, शिंतो देवळात देव डोळ्यांना दिसतही नाही. गाभाऱ्यात असतं ते देवाच्या वस्तीचं प्रतीक, पुष्कळ ठिकाणी आरसा, आणि तोही बंद दाराआड. भाविकाने तो पाहायचा नसतो. मूर्ती नाही, म्हणून निरखायला मुखवटा नाही, दागिने नाहीत, आजचा पोशाख कुठल्या रंगाचा यावर चर्चा नाही. अशा वेळी डोळ्यांना एकच उद्योग उरतो, बाकीचे पाच मोजण्याचा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे, की हे सगळं मोबाइल आल्यापासून झालं, पूर्वी माणसं श्रद्धेने जात. पूर्वी म्हणजे कधी, ते मात्र कुणी सांगत नाही. आपण हजार वर्षं मागे जाऊ, म्हणजे तक्रारीला जागा राहणार नाही. जपानच्या सम्राज्ञीच्या पदरी असलेल्या सेई शोनागोन या बाईंनी ‘माकुरा नो सोशी’ या आपल्या पुस्तकात हेवा वाटण्याजोग्या गोष्टींची यादी केली आहे, आणि त्या यादीत हाच इनारीचा डोंगर आहे. देवाचं इथलं आगमन परंपरेने ७११ सालच्या दुसऱ्या महिन्यातल्या पहिल्या अश्वदिनी मानतात. तो अश्वदिन साधून बाई पहाटे निघाल्या. दहाच्या सुमाराला निम्म्यावर पोचल्या, ऊन तापलं, पाय बोलायला लागले, आणि त्या चक्क रडकुंडीला येऊन बसल्या. एवढे बरे बरे दिवस पडले असताना आजच कशाला तडफडलो, असं त्यांना झालं. मागून आलेले लोक सहज पुढे जात होते. तेवढ्यात चाळिशी उलटलेली एक बाई, प्रवासाचा पोशाखही न करता, नुसते कपडे वर खोचून खाली उतरत आली आणि भेटेल त्याला सांगत सुटली, की आपण सात फेऱ्या घालणार आहोत, तीन झाल्या, उरलेल्या चारांचं काही विशेष नाही, दोन वाजेपर्यंत आटपून जाऊ. एरवी जिच्याकडे शोनागोनबाईंनी ढुंकूनही पाहिलं नसतं, त्या बाईचे पाय आत्ताच्या आत्ता आपल्याला मिळावेत असं त्यांना वाटलं. या सगळ्या हकिकतीत देव किती आहे, ते शोधून बघा. दम आहे, ऊन आहे, पश्चात्ताप आहे, आणि आपल्यापुढे निघून जाणाऱ्या माणसाविषयीची निखळ जळफळ आहे. मोबाइल नाही, पण सहलीचं बाकी सगळं साहित्य हजर आहे.

कुणी म्हणेल, दरबारातल्या बाई त्या, नाजूकच असणार. सामान्य माणसाची भक्ती वेगळी. ठीक, सामान्य माणसं घेऊ. जिप्पेनशा इक्कू या लेखकाने १८०२ पासून ‘तोकाइदोचू हिझाकुरिगे’ नावाची विनोदी कथामाला लिहिली. नावातल्या हिझाकुरिगे शब्दाचा अर्थ गुडघ्यांचा घोडा, म्हणजे आपली अकरा नंबरची बस. याजिरोबेई आणि किताहाची हे दोन मित्र एदोहून, म्हणजे आजच्या टोकियोहून, इसेच्या थोरल्या देवस्थानाला पायी निघतात. जाताना ते खातात, पितात, भांडतात, फसवायला जातात आणि फसतात. ओदावाराच्या पांथशाळेत न्हाणीतली नवी पद्धत कळत नाही, हंड्याच्या तापल्या बुडावर पाय भाजतात म्हणून संडासाचे लाकडी जोडे घालून पाण्यात उतरतात आणि नाचून नाचून हंड्याचं बूड फोडतात. हे असं खंडामागून खंड चालतं. मग एकदाचं इसे येतं, आणि तिथे लेखक दोघांना एकाएकी गंभीर करतो. विनोद बंद, टवाळी बंद. परिणाम असा, की ज्या दर्शनासाठी सगळा खटाटोप, ते काही ओळींत संपतं. इक्कू धंद्याने लेखक होता, त्याला वाचक काय पैसे देऊन विकत घेतो ते पक्कं ठाऊक होतं. देवाला ओळी, मित्रांना खंड, असा त्याने वाटा केला आणि पुस्तक धडाधड खपलं. आज सहलीच्या दीडशे फोटोंत देवळाचे तीन निघतात, त्याला बिघाड म्हणायचं की परंपरा, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता प्रत्यक्ष आवारात येऊ. (रोकुजिझोवाले एव्हाना आलेत. “आम्ही मुद्दामच गेलो, तो भाग बघायचा होता.”) दर्शनाआधी हात धुण्याचा विधी आहे. उजव्या हाताने पळा घ्यायचा, डावा हात धुवायचा, मग हात बदलून उजवा. डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरायची, पळ्याला तोंड लावायचं नाही. शेवटी पळा उभा धरून उरलेल्या पाण्याने त्याचा दांडा धुवायचा. हे सगळं एका पळीभर पाण्यात. हा विधी एकट्याला सोपा आहे. पण सहांच्या टोळक्यात एक नियमावली वाचून आलेला असतो, आणि त्याच्या देखरेखीखाली साध्या चुळीचीसुद्धा परीक्षा होते. “प्यायचं का हे?” “छे, चूळ फक्त.” “मग मी प्यायलो ते?” यावर नियमावलीत उत्तर नसतं. पुढे नाणं. पाच येनचं नाणं टाकावं म्हणतात, कारण ‘गोएन’ म्हणजे पाच येन आणि ‘गोएन’ म्हणजे ऋणानुबंधही. आपल्या पैशात जेमतेम तीन रुपये, वर मध्ये भोक आणि कडेला भाताची लोंबी. इनारी ही भाताचीच देवता, म्हणजे जुळूनही आलं. दहा येन टाकू नये, त्याच्या उच्चारातून ‘दूरचा ऋणानुबंध’ असा अर्थ निघतो म्हणे. झालं, सहा जण पाच येनची सुट्टी नाणी शोधायला लागतात. ज्याच्याकडे दोन असतात तो एक उसनं देतो. आता उसन्या नाण्याने जुळणारा ऋणानुबंध कुणाचा, देणाऱ्याचा की टाकणाऱ्याचा? यावर रांग अडवून चर्चा होते आणि मागचे जपानी गृहस्थ इतक्या शांतपणे उभे राहतात, की कुणी शिव्या दिल्या तर बरं असं वाटावं. मग टाळ्या. दोन टाळ्या एकाने वाजवल्या तर तो नमस्कार असतो. सहांनी आपापल्या सवडीने वाजवल्या की कंटाळवाण्या भाषणानंतर सभागृहात पडतात तशा तुरळक टाळ्या ऐकू येतात. एकजण चार वाजवतो. तो पूर्वी इझुमोला जाऊन आलेला असतो. तिथे चार वाजवायची रीत आहे, आणि तिथे जाऊन आल्याचं कळवायला याहून चांगली संधी मिळणार नसते.

एवढं झाल्यावर खरं तर डोंगर चढायचा. पण दर्शन झालं की भूक लागते हा सर्वधर्मीय नियम आहे, आणि या बाबतीत फुशिमीने भाविकांची पुरती सोय केली आहे. ठिकठिकाणी दगडी कोल्हे बसलेत, कुणाच्या तोंडात किल्ली, कुणाच्या तोंडात भाताची पेंढी. कोल्हा हा देव नव्हे, देवाचा निरोप्या. पण टोळक्यात हे पाचदा सांगूनही दिवसअखेर ‘ते कोल्ह्याचं देऊळ’ हेच नाव पक्कं होतं. या कोल्ह्यांना तळलेलं तोफू आवडतं अशी समजूत आहे, म्हणून तोफूच्या पिशवीत आंबूस भात भरलेली इनारीझुशी इथली खासियत. शाकाहारी मित्राचे डोळे उजळतात. तेवढ्यात नियमावलीवाला सांगतो, की ही पिशवी दाशीत शिजवतात आणि दाशीत माशाचा अर्क असतो. “म्हणजे यात मासा आहे?” “मासा नाही. माशाचं पाणी आहे.” “पाणी चालतं. आमच्या गावच्या विहिरीतपण मासे होते.” शास्त्रार्थ संपतो, चार नग मागवले जातात. मांसाहारी मित्राची गोष्ट मात्र करुण आहे. आपण काहीही खातो, ही त्याची वर्षानुवर्षांची ख्याती. देवळासमोरच्या दुकानांत भाजलेल्या चिमण्या काडीला टोचून मिळतात, भात खाणाऱ्या पाखरावर शेतकऱ्याने उगवलेला हा सूड. लहानपणी ‘एक घास चिऊचा’ म्हणत जेवलेल्या माणसापुढे चिऊचाच घास येतो, आणि ती ख्याती तिथल्या तिथे निवृत्त होते. “आज संकष्टी आहे ना?” तो हळूच विचारतो. नसते.

पुढे हजार कमानींचा तो प्रसिद्ध बोगदा. सगळ्या डोंगरावर मिळून दहा हजारांच्या आसपास तोरी आहेत. प्रत्येक तोरीत शिरताना वाकून नमस्कार करावा, हा शिष्टाचार नियमावलीवाल्याने वाचलेला असतो. देवळाच्या मुख्य तोरीपुरता तो ठीक आहे. पण दहा हजार तोरी, दर तोरीला दोन सेकंद, म्हणजे नुसतं वाकण्यातच साडेपाच तास, असा हिशेब टोळक्यातला अकाउंट्सवाला करून दाखवतो आणि धर्मसंकट टळतं. फोटोवाल्याचं संकट मात्र टळत नाही. त्याला बोगदा रिकामा हवा असतो. “एक मिनिट, एवढी माणसं जाऊ देत.” माणसं जातात. त्यांच्यामागे त्यांचा फोटोवाला असतो, त्यालाही बोगदा रिकामा हवा असतो, आणि त्याच्या दृष्टीने रिकाम्या होण्याजोग्या वस्तूंत आपले सहा जण मोडतात. चढताना दिसतो तो निव्वळ शेंदरी रंग. उतरायला मागे वळलं की प्रत्येक तोरीच्या खांबांवर काळ्या अक्षरांत देणगीदाराचं नाव आणि तारीख, त्यात कंपन्याच पुष्कळ, कारण इनारी व्यापाराचीही देवता. जाताना वैराग्य, येताना जाहिरात फलक. आणि बोगद्यापलीकडच्या आवारात ‘ओमोकारू-इशी’, म्हणजे जड-हलका दगड. मनात इच्छा धरायची, दगड किती जड असेल ते ठरवायचं, मग उचलायचा; वाटला त्याहून हलका निघाला तर इच्छा पूर्ण. व्यायामशाळेत जाणारा मित्र बाह्या सरसावतो, “हा काय, लोण्याचा गोळा” म्हणून हात घालतो आणि बढतीची आशा तिथेच सोडतो. जन्मात काही धड होईल यावर ज्याचा विश्वास नाही, तो एक टन धरून चालतो आणि त्याचं सगळं मंजूर होतं. निराशावादी माणसाचं भलं चिंतणारी अशी सोय दुसरीकडे कुठे असल्याचं माझ्या तरी माहितीत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एवढी कटकट, तर एकट्याने का जाऊ नये? मान्य करायला हवं, की पुरावा एकट्याच्या बाजूने आहे. शोनागोनबाईंना भेटलेली ती सात फेऱ्यांची बाई एकटीच असावी. मैत्रिणी बरोबर असत्या तर पहिल्या फेरीनंतर चहा झाला असता. इसेच्या बाबतीत तर आणखी भक्कम दाखला आहे. एदो काळात इसेच्या यात्रेची अशी लाट यायची, की १८३० साली काही महिन्यांत चाळीस लाखांहून जास्त माणसं तिथे लोटली. ज्यांना जाणं जमेना त्यांच्यातले काही आपला कुत्रा पाठवायचे. गळ्यात चिठ्ठी आणि थोडे पैसे बांधायचे, वाटेतले लोक त्याला खाऊ घालायचे, पुढच्या सोबतीला लावून द्यायचे, आणि कुत्रा इसेला जाऊन परत घरी यायचा. चित्रकारांनी हे यात्रेकरू कुत्रे काढूनही ठेवलेत. कुत्र्याचं साधलं, कारण तो रोकुजिझोला उतरत नाही, सुट्ट्या पैशांसाठी अडत नाही आणि बोगद्यात उभा राहून “माझा एक काढ ना” म्हणत नाही. जपानी माणसाने यावर एक व्यवहारी तोडही काढली होती, ‘इसे-को’. गावातल्या लोकांनी भिशीसारखे पैसे गोळा करायचे, चिठ्ठ्या टाकायच्या, आणि ज्यांचं नाव निघेल त्यांनी सगळ्यांच्या वतीने जाऊन यायचं. पुण्य सामायिक, पायपीट एकदोघांची. याहून शहाणी योजना सुचणं कठीण. पण त्यातही गंमत बघा. एकट्यानेच जायचं, तर परत येऊन सांगायचं कुणाला? गेलेल्याने घरी राहिलेल्यांसाठी तिथल्या वस्तू न्यायच्या, हकिकत सांगायची, आणि घरी राहिलेल्यांनी ‘तू ते नाहीच पाहिलंस?’ असं विचारून त्याचं पुण्य निम्मं करायचं. सात फेऱ्या घालणाऱ्या बाईने पुस्तक लिहिल्याचं ऐकिवात नाही. पुस्तक लिहिलं ते निम्म्या वाटेवर बसून जळफळणाऱ्या बाईने.

राहिला डोंगर. उंची फक्त २३३ मीटर, पण पायऱ्यांना उंचीशी देणंघेणं नसतं, त्यांची वेगळी मोजणी गुडघ्यात होते. दोघे दगडापाशीच मागे फिरतात. एकाला गुडघा आहे आणि दुसऱ्याला गुडघेवाल्याची काळजी आहे, जी चढ दिसेपर्यंत नव्हती. उरलेले चौघे योत्सुत्सुजी नावाच्या चव्हाट्यापर्यंत येतात. इथे बाकं आहेत, चहा आहे, खाली अख्खं क्योतो पसरलेलं आहे. म्हणजे माणसाला मोह पाडायला जे जे लागतं ते सगळं नेमकं निम्म्यावर मांडून ठेवलंय. तिघे बसतात. “वर काय आहे?” “काही नाही रे, असंच.” कोल्ह्याला द्राक्षं आंबट, ही गोष्ट आपल्याला पाठ, आणि इतक्या कोल्ह्यांच्या मधोमध बसून हे वाक्य बोलणाऱ्याला हसावंसं कुणालाही वाटेल. पण प्रामाणिकपणे नोंदवायला हवं, की इथली द्राक्षं खरोखरच आंबट आहेत. माथ्यावर छोटंसं देवस्थान आहे, दगडांची आणि चिमुकल्या तोऱ्यांची दाटी आहे, झाडं आहेत, आणि झाडांमुळे तिथून काही म्हणता काही दिसत नाही. बघायचं ते चव्हाट्यावरच संपलेलं असतं. न चढता खरं बोलणारे हे तिघे आणि चढून खरं ठरवणारा चौथा, यांच्यातला वाद म्हणूनच कधी मिटत नाही.

चौथा एकटा वर जातो. चव्हाट्यावरून वर जाणारी वाट गोल आहे. एका बाजूच्या पायऱ्यांनी चढायचं, माथ्याला वळसा घालायचा आणि दुसऱ्या बाजूच्या पायऱ्यांनी परत तिथेच उतरायचं. बाकावरच्या तिघांना हे कुणी सांगितलेलं नसतं. नियमावलीवाला खाली गुडघ्यापाशी राहिलाय. ते ज्या पायऱ्यांनी तो गेला त्या पायऱ्यांकडे टक लावून बसतात. अर्धा तास होतो. पाऊण तास होतो. खालून फोन येतो, “उतरलात का? धिमी गाडी कुठली ते शोधून ठेवलंय.” शेवटी एकजण वैतागून उठतो, तोंडाचा कर्णा करून त्या पायऱ्यांच्या दिशेने हाक मारतो, आणि पाठीमागून उत्तर येतं.

“ओरडतोस काय? पंधरा मिनिटं झाली, मी चहा घेतोय इथे.”

“मग सांगायचं नाही?”

“मला वाटलं, तुम्ही देखावा बघताय.”

“वर काय होतं?”

“काही नाही रे. असंच.”